खांबावरचा कॅमेरा आणि समुद्रावरची होडी: रायगड जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, रायगड, अलिबाग.

विषय : किनारा-सुरक्षेसाठी कॅमेरे घेताना निविदेत काय मागावे याबाबत.

किनाऱ्यावरच्या खांबावर बसवलेला कॅमेरा दर सेकंदाला साधारण पंचवीस फ्रेम टिपतो. प्रत्येक फ्रेम म्हणजे आकड्यांचे एक मोठे कोष्टक असते. फुल एचडी कॅमेऱ्यात त्याचे १९२० स्तंभ आणि १०८० ओळी असतात, आणि प्रत्येक घरात लाल, हिरव्या व निळ्या रंगांची तीव्रता लिहिलेली असते. ही होडी आहे, ती रेवदंड्याच्या खाडीकडे वळते आहे, एवढा अर्थ त्या आकड्यांतून निघेपर्यंत पुष्कळ कामे व्हावी लागतात. पाण्यातून वस्तू वेगळी काढायची, ती सरकेल तसा तिचा माग ठेवायचा, चित्र नियंत्रण कक्षापर्यंत वेळेत पोचवायचे आणि ते न्यायालयात टिकेल अशा रीतीने जपायचे. खरेदीची चर्चा मात्र बहुतेक वेळा कॅमेऱ्यांची संख्या आणि मेगापिक्सेल यांपाशीच संपते. पुढची कामे कोणीतरी करील असे धरून चालले जाते.

रायगडच्या किनाऱ्याला या विषयाचा स्वतःचा इतिहास आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिघी येथे आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्चच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. तो माल कोणाच्याच नजरेस पडला नाही असे नव्हते. पुढे खटल्यात सीमाशुल्क खात्यातील आणि पोलीस दलातील काही जण दोषी ठरले. २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेले दहा हल्लेखोर ‘कुबेर’ या अपहरण केलेल्या भारतीय मासेमारी नौकेतून मुंबईजवळ आले. ती नौका अस्सल होती. कितीही चांगल्या कॅमेऱ्याने टिपली असती तरी तिच्या आकारात संशय घेण्यासारखे काही नव्हते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ ही बेवारस नौका लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे सापडली. इंजिन बिघडल्यामुळे ती जूनमध्ये मस्कतजवळ सोडून देण्यात आली होती आणि वारा-पाण्याबरोबर वाहत आली होती. जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात कोर्लईजवळ रडारवर संशयित बोट दिसली. पोलीस, नौदल आणि तटरक्षक दलाने भर पावसात शोध घेतला. अखेर ती वस्तू पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्यापासून सुटून आलेला जीपीएसचा बोया असल्याचे सांगण्यात आले.

या घटनांतली उणीव प्रत्येक वेळी वेगळी आहे. पहिल्यात पाहणाऱ्याने पाहिलेले दडवले. दुसऱ्यात दिसण्यासारखे काही नव्हते. तिसऱ्यात जे दिसायला हवे होते ते किनाऱ्याला लागेपर्यंत दिसले नाही. चौथ्यात दिसले खरे, पण ते काय आहे हे ठरवण्यात रात्र गेली. कॅमेऱ्यांची संख्या वाढवून यातली फार तर तिसरी उणीव भरून निघते.

आधी दृष्टीचा पल्ला पाहू. पृथ्वी गोल असल्याने क्षितिजाचे अंतर कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरते. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. नऊ मीटरच्या खांबावरून क्षितिज १०.७ किलोमीटरवर असते, पंचवीस मीटरवरून १७.९ किलोमीटरवर. राज्याच्या मासेमारी कायद्याची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे २२.२ किलोमीटर. तिथले पाणी दिसायला डोळा सुमारे ३९ मीटर उंचीवर हवा. जेट्टीच्या दिव्याच्या खांबावरून हे होणे नाही. कोर्लईचा डोंगर किंवा १८६७ पासून उभे असलेले खांदेरीचे दीपगृह यांसारख्या जागांना आजही महत्त्व आहे ते याच कारणाने. टेहळणीसाठी जागा निवडणाऱ्या जुन्या लोकांना हे सूत्र ठाऊक नसले तरी उत्तर ठाऊक होते. संरक्षित स्मारकांवर खांब पुरायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती प्रक्रिया निविदेच्या आधी सुरू व्हावी.

क्षितिजाच्या आत असलेली वस्तू दिसेलच असेही नाही. साठ अंश रुंदीचे दृश्य घेणारा ४के कॅमेरा तीन किलोमीटरवर सुमारे ३.४६ किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो. त्या पट्ट्याला ३८४० पिक्सेल वाटून दिले की एका मीटरला जेमतेम एक पिक्सेल येतो, आणि दहा मीटर लांबीची होडी अकरा पिक्सेलांची ठिपकी होते. काहीतरी आहे एवढेच त्यावरून म्हणता येईल. तो रुंद पट्टा सोडून दोन अंशांची दूरदर्शी लेन्स लावली तर साध्या फुल एचडी कॅमेऱ्यातही ती होडी १८० पिक्सेलांहून मोठी दिसते. तिचा रंग, डोलकाठी, क्वचित नोंदणी क्रमांकही वाचता येतो. पण मग दृश्य फक्त शंभर मीटर रुंद उरते. म्हणून एकाच जागी दोन कॅमेरे लागतात: रुंद नजरेचा शोधायला, अरुंद नजरेचा ओळखायला. दुसरा वळता-झुकता हवा आणि पहिल्याच्या इशाऱ्यावर आपोआप वळणारा हवा. सुरक्षा-कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६२६७६-४ मध्ये, नुसती चाहूल लागण्यासाठी मीटरला २५ पिक्सेल, परिचित माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५० पिक्सेल सांगितले आहेत. या हिशेबाने वरच्या रुंद ४के कॅमेऱ्यासमोर माणूस साधारण तेरा मीटरच्या आत आला तरच त्याचा चेहरा उपयोगाचा. काशीदच्या पुळणीवरची गर्दी चेहऱ्यांनिशी ओळखू असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हा भागाकार समितीसमोर करून दाखवायला सांगावे.

आता वस्तू पाण्यातून वेगळी काढण्याकडे येऊ. सगळ्यात जुनी रीत पार्श्वभूमी वजा करण्याची. एखाद्या पिक्सेलची नेहमीची छटा संगणक शिकतो आणि त्या छटेत न बसणारे काही आले की ते वेगळे काढतो. समुद्राची छटा एक नसते. लाटेचा माथा पांढरा, पोट काळपट, मावळतीला सगळीकडे चकाकी. १९९९ मध्ये स्टॉफर आणि ग्रिमसन या संशोधकांनी प्रत्येक पिक्सेलसाठी एका सरासरीऐवजी अनेक छटांचे मिश्रण साठवण्याची पद्धत मांडली. झाडांची सळसळ आणि पाण्याची लकाकी तिच्यामुळे बऱ्याच अंशी झाकता आली. कोकणातल्या भरती-ओहोटीपुढे मात्र तीही अपुरी पडते.

अलिबागचा कुलाबा किल्ला याचे नेमके उदाहरण आहे. ओहोटीला किल्ल्यापर्यंत वाळू उघडी पडते, माणसे चालत जातात, घोडागाड्या जातात. भरतीला तिथेच होड्या चालतात. म्हणजे चित्रातले तेच पिक्सेल दिवसातून दोनदा जमीन असतात आणि दोनदा पाणी. जमिनीवर चालणारा माणूस नेहमीचा. तोच माणूस त्याच जागी चाळीस मिनिटांनी गुडघाभर पाण्यात असेल तर तो धोक्यात आहे. हा फरक नुसत्या चित्रावरून कळणे अवघड, पण भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी छापलेले असते. ते प्रणालीला पुरवले आणि परतीच्या वाटेवर पाणी चढू लागताच किल्ल्याकडच्या बाजूला किती माणसे उरली हे मोजले, तर किल्ल्यात अडकणाऱ्या पर्यटकांची समस्या भोंग्याच्या एका इशाऱ्याने सुटू शकते. त्यासाठी लागणारे तंत्र वीस वर्षे जुने आहे. तांडेलाला जे पंचांग पाठ असते ते संगणकाला द्यायचे कोणाच्या मनात येत नाही, एवढीच अडचण.

अंतराच्या मोजणीतही भरती आडवी येते. एकाच कॅमेऱ्याने होडीचे अंतर काढताना ती क्षितिजाच्या किती खाली दिसते तो कोन आणि कॅमेऱ्याची पाण्यापासूनची उंची यांचा आधार घेतात. उधाणाला रायगडच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी ओहोटीपेक्षा चार मीटरांहून अधिक चढते. पंचवीस मीटरवरच्या कॅमेऱ्याची मोजणी ओहोटीला जुळवली असेल तर पूर्ण भरतीत त्याची पाण्यापासूनची उंची एकवीस मीटरच उरते. तीन किलोमीटरवरच्या होडीच्या अंतरात जवळजवळ अर्ध्या किलोमीटरची चूक होते. गस्तीची नौका चुकीच्या जागी जायला एवढी चूक पुरे.

गेल्या दहा वर्षांत पार्श्वभूमी वजा करण्याऐवजी, किंवा तिच्या जोडीने, न्यूरल नेटवर्क वापरतात. हजारो चित्रांत माणसांनी होड्यांभोवती चौकटी आखून दिलेल्या असतात आणि त्यावरून ते शिकते. इथे एक साधा प्रश्न विचारायला हवा: ती चित्रे कुठली? सिंगापूरच्या बंदरातली मालवाहू जहाजे आणि युरोपातल्या शिडाच्या नौका पाहून शिकलेल्या नेटवर्कला मचवा, डोल जाळ्याची होडी, पर्ससीन नौका किंवा सणासाठी झेंड्या-पताकांनी मढवलेला ट्रॉलर यांची ओळख असेलच असे नाही. मुरूड, एकदरा, भरडखोल, बोडणी, थळ इथल्या बंदरांत वर्षभर, सर्व ऋतूंत चित्रण करून आणि मच्छीमारांच्याच मदतीने नावांच्या चिठ्ठ्या लावून तयार केलेला संच ही या जिल्ह्याची खरी मालमत्ता ठरेल. कॅमेरे पाच-सात वर्षांत खाऱ्या हवेने जातील, संच राहील. तो विक्रेत्याच्या नव्हे, जिल्ह्याच्या मालकीचा असावा, असे करारात लिहून घ्यावे.

वस्तू सापडली की तिचा माग. लाटेच्या खळग्यात होडी क्षणभर नाहीशी होते, दुसऱ्या होडीमागे जाते, पावसाच्या सरीत पुसली जाते. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेला फिल्टर अशा वेळी कामी येतो. होडीचा आतापर्यंतचा वेग आणि दिशा पाहून ती पुढच्या क्षणी कुठे असावी याचा तो अंदाज करतो. प्रत्यक्ष मोजणी आली की अंदाज आणि मोजणी यांतल्या ज्यावर अधिक विश्वास त्याला अधिक वजन देतो. मोजणी आलीच नाही तर काही काळ अंदाजावर चालतो. अनेक होड्या एकमेकींना ओलांडून जातात तेव्हा कोणती खूण कोणाची हा वाटणीचा प्रश्न उभा राहतो. तो सोडवण्याची हॅरल्ड कून यांची १९५५ ची रीत आजही बहुतेक प्रणालींच्या पोटात असते. जाळ्यांचे बोये इथेच ओळखू येतात. स्वतःच्या इंजिनाने चालणारी होडी प्रवाहाला छेदून जाते, बोया प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाच्याच वेगाने सरकतो. कोर्लईसारख्या प्रसंगी पंधरा-वीस मिनिटांचा सलग माग आणि त्या वेळच्या प्रवाहाची दिशा समोर असती तर पाहणाऱ्याचा तर्क बराच लवकर योग्य बाजूला झुकला असता. शोध तरीही घ्यावाच लागला असता.

खोट्या इशाऱ्यांचे गणित निविदांमध्ये क्वचितच असते, आणि खरा खर्च तिथेच असतो. एक कॅमेरा सेकंदाला एकदा जरी निर्णय घेत असला तरी दिवसाला ८६,४०० निर्णय होतात. त्यात दहा हजारांत एक चुकला, म्हणजे अचूकता ९९.९९ टक्के असली, तरी रोज आठ-नऊ खोटे इशारे येतात. वीस कॅमेऱ्यांचे पावणेदोनशेच्या आसपास. खरी संशयास्पद नौका वर्षातून एखादी. आठवड्याभरात नियंत्रण कक्षातला शिपाई आवाज बंद करून ठेवतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. सलग अनेक फ्रेममध्ये वस्तू टिकली तरच इशारा द्यायचा, असे केले की आकडा बराच उतरतो. मात्र लाटेची चमक, खांबाचे डोलणे, लेन्सवर बसलेला किडा हेही सलग टिकतात. म्हणून ‘अचूकता ९९ टक्के’ अशी अट निरर्थक आहे. ‘एका कॅमेऱ्यामागे चोवीस तासांत जास्तीत जास्त किती खोटे इशारे, पावसाळ्यात आणि पावसाळ्याबाहेर’ ही अट हवी. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक मासेमारी नौका समुद्रात नसतात, त्यामुळे तेव्हा दिसणारी प्रत्येक वस्तू अधिक महत्त्वाची. नेमके तेव्हाच चित्र सर्वात वाईट असते.

पावसाळ्याचा विचार वेगळा करायला हवा. धुरकट चित्र स्वच्छ करण्याच्या पद्धती आहेत. २००९ मध्ये मांडलेली एक पद्धत असे धरते की स्वच्छ चित्राच्या कोणत्याही लहान तुकड्यात कुठेतरी गडद पिक्सेल असतोच, आणि तो उजळ दिसला तर तो उजेड धुक्याचा. शहरी दृश्यात ती छान चालते. आकाश आणि फेसाळ समुद्र यांत गडद काही नसतेच, त्यामुळे तिथे ती फसते. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा रात्री उपयोगी पडतो, कारण त्याला उजेड लागत नाही. मुसळधार पावसात आणि दमट हवेत त्याचाही पल्ला घटतो, आणि उजाडताना व मावळताना लाकूड व पाणी एकाच तापमानाला आले की होडी त्यात विरून जाते. काचेवर साचणाऱ्या मिठाला तर कोणतेही सूत्र लागू पडत नाही. त्याला गोड्या पाण्याचा फवारा, वायपर आणि ठरलेल्या दिवशी खांबावर चढणारा माणूस लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागात विजेचे खांब आणि मोबाइल मनोरे आडवे केले होते. कॅमेऱ्याचा खांब, बॅटरी आणि संपर्काचा दुसरा मार्ग यांची अट त्या अनुभवावर बेतावी.

कॅमेरा एकटा कधीच पुरत नाही. २६/११ नंतर तटरक्षक दलाने भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून किनारी रडार-साखळी उभारली. पहिल्या टप्प्यात देशभर ४६ ठिकाणी रडार आणि दूरदर्शी कॅमेरे एकत्र बसले. मोठ्या जहाजांना आपली ओळख प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा बंधनकारक आहे, आपल्याकडे २० मीटरपेक्षा लांब मासेमारी नौकांनाही. त्याखालच्या नौकांसाठी इस्रोने उपग्रहाधारित ट्रान्सपाँडर तयार केला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख नौकांसाठी त्याची योजना सुरू झाली. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे ड्रोन उडू लागले, त्यांत रायगडमधील रेवदंडा आणि श्रीवर्धन ही ठिकाणे आहेत. या सर्वांची माहिती एका नकाशावर आली की प्रश्न सोपा होतो: रडारवर आणि कॅमेऱ्यात आहे, पण ओळख देत नाही, अशी वस्तू कोणती? ‘लेडी हान’ या प्रश्नाचे उत्तर ठरली असती. ‘कुबेर’ ठरली नसती, आणि तिथे शेजारच्या नाखव्याची जाणकार नजर व सागर रक्षक दलच उपयोगी. जिल्ह्याचे कॅमेरे तटरक्षक दलाच्या आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या नकाशाला जोडले जाणार नसतील तर ते घेऊ नयेत, इतके हे महत्त्वाचे आहे.

चित्र नियंत्रण कक्षापर्यंत नेणे हा पुढचा भाग. फुल एचडी चित्रण कच्चे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट लागतात. प्रत्यक्षात ४० लाख बिटांत काम भागवतात, म्हणजे तीनशेवा हिस्सा. हे कॉम्प्रेशन ज्या गणितावर उभे आहे ते डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म जानेवारी १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या भारतीय वंशाच्या तिघांनी प्रसिद्ध केले. चित्राचे छोटे चौकोन करायचे, त्यांतले डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे, आणि मागच्या फ्रेममधला जो भाग नुसता सरकला असेल तो पुन्हा न पाठवता किती सरकला एवढेच सांगायचे. २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एच.२६५ ही मानके हेच अधिकाधिक चतुराईने करतात.

समुद्र हे या पद्धतींचे सर्वात अवघड गिऱ्हाईक आहे. रस्त्याच्या चित्रात रस्ता स्थिर असतो आणि गाडी हलते. समुद्राच्या चित्रात सगळेच हलते, आणि तेही पुन्हा तसेच कधी न हलणारे. बिटांची मर्यादा घातली की कॉम्प्रेशन लाटांवर बिट उधळते आणि अकरा पिक्सेलांची होडी गाळण्यायोग्य बारकाव्यात जमा होते. अलिबागच्या नियंत्रण कक्षात बसून आलेल्या चित्रात होड्या शोधणारी प्रणाली म्हणूनच मुळात उलटी आहे. शोध खांबापाशीच, कॉम्प्रेशनच्या आधी व्हायला हवा. कक्षाकडे जायचे ते इशारा, वस्तूभोवतीचा स्वच्छ तुकडा आणि बाकी दृश्य हलक्या दर्जाचे. खाडीपलीकडच्या गावांत मोबाइलचे जाळे क्षीण असते, तिथे तर दुसरा पर्यायच नाही. साठवणुकीचाही हिशेब आहे: ४० लाख बिटांच्या दराने एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी आणि महिन्याला १.३ टीबी भरतो.

उशीर हा आणखी एक दुर्लक्षित भाग. क्रिकेटचा सामना ज्या पद्धतीने मोबाइलवर येतो त्यात चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि पाहणारा प्रत्यक्षाच्या वीसेक सेकंद मागे असतो. पंचवीस नॉट वेगाची बोट तेवढ्यात अडीचशे मीटर पुढे गेलेली असते. सुरक्षेच्या चित्रणाला एका सेकंदाच्या आत पोचणारी पद्धत मागावी. पर्यटकांसाठी संकेतस्थळावर दाखवायचे किनाऱ्याचे दृश्य मात्र खुशाल उशिरा जाऊ द्यावे.

हाच कॅमेरा जीवरक्षकाच्याही कामाचा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पाणी कुठे ओढते हे चित्रणावरून ओळखता येते. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या रॉब होलमन यांनी १९८० च्या दशकात किनाऱ्यावरच्या चित्रणाची दहा-दहा मिनिटांची सरासरी काढायला सुरुवात केली. लाटा फुटतात तिथे सरासरीत पांढरा पट्टा उमटतो. पाणी खोल असते तिथे लाट फुटत नाही, आणि परत जाणारे पाणी बहुधा त्याच वाटेने वेगाने आत ओढते. तो भाग सरासरीत काळी खाच म्हणून दिसतो. पोहायला उतरणाऱ्याला तीच जागा सर्वात शांत वाटते. भरतीच्या निरनिराळ्या पातळ्यांना पाण्याची कड कुठे होती हे नोंदवत गेले की पुळणीचा चढउतारही मिळतो, आणि दर पावसाळ्यात किती वाळू गेली याचे जवळजवळ फुकटचे सर्वेक्षण होते. नागाव, काशीद, दिवेआगर येथे दुहेरी उपयोगाचे कॅमेरे घेतले तर खर्चाचे समर्थन अधिक सोपे जाईल.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला कॅमेऱ्याचे चित्र संगणकाने वाचण्याचे तंत्र रोज चालते. न्हावा-शेवा बंदरात कंटेनरवरचा क्रमांक कॅमेरा वाचतो. चार अक्षरे आणि सात आकडे, त्यांतला शेवटचा तपासणीचा. आधीच्या दहा चिन्हांना दुप्पट-दुप्पट वाढणारी वजने लावून, बेरजेला अकराने भागून तो मिळतो, त्यामुळे वाचनात एक अक्षर चुकले तर बहुधा तत्काळ कळते. अटल सेतूवर थांबलेले वाहन आपोआप टिपले जाते. ही दोन्ही दृश्ये बांधीव आहेत, प्रकाश आपला, अंतर आपले. तिथले यश समुद्रावर जसेच्या तसे मिळेल असे मानू नये.

शेवटी पुरावा. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात निर्णय दिला की मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तो वादही चित्रणाचाच होता: उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांवरून ठरवायचे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्रासोबत हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून काढलेली ठरावीक लांबीची संख्या. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती पूर्ण बदलते. ही संख्या खांबापाशीच, चित्रण होताक्षणी काढून दुसऱ्या खात्याच्या ताब्यातील सर्व्हरवर गेली, तर चित्रण नंतर कोणी बदलले ते लपत नाही आणि मधला तुकडा गाळला तर ती उणीव दिसते. १९९३ ची उणीव काही प्रमाणात भरून काढणारे तंत्र हेच आहे, आणि त्याला किंमतही फारशी नाही.

नागरिकांनी काढलेल्या चित्रणाचीही सोय हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली आणि १५ जण गेले. देशाने जे चित्रण पाहिले ते एका प्रवाशाच्या मोबाइलमधले. समाजमाध्यमांवरून फिरताना असे चित्रण पुन्हा पुन्हा कॉम्प्रेस होते आणि त्यातली वेळ व स्थळाची नोंद गळून पडते. मूळ फाइल जशीच्या तशी स्वीकारणारा एक पत्ता जिल्हा पोलिसांकडे असावा.

कोळीवाड्यांच्या दारात आणि समुद्रस्नानाच्या जागी रोखलेला कॅमेरा खासगीपणाचा प्रश्न उभा करतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे. घरांचा भाग चित्रातच कायमचा झाकणे कोणत्याही चांगल्या कॅमेऱ्यात शक्य असते. एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी आवश्यक झाली आहे, तिचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय माल स्वीकारू नये. कारखान्यात घातलेला पासवर्ड तसाच राहिल्याने जगभरचे लाखो कॅमेरे २०१६ मध्ये ‘मिराई’ हल्ल्यात परक्यांच्या हाती गेले होते.

समितीने पुढच्या मंजुरीपूर्वी निविदेत अंतरानुसार पिक्सेलांची, खोट्या इशाऱ्यांची, खांबापाशी शोधाची आणि हॅशची अट घालावी. पुरवठादारांकडून कोर्लई आणि श्रीवर्धन येथे जुलैतल्या उधाणाच्या रात्री, स्थानिक तांडेलाच्या होडीवर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, तिचा निकाल लोकांसाठी प्रसिद्ध करावा आणि त्यानंतरच देयक मंजूर करावे, ही विनंती.